शेंगेन देशांच्या व्हिसा अधिकाऱ्यांस एका द्राक्ष निर्यातदाराचे खुले पत्र

प्रति,
शेंगेन क्षेत्रातील देशांच्या मुंबईस्थित वकिलातींमधील व्हिसा अधिकारी, आणि ब्रसेल्स येथे व्हिसा संहितेचा कारभार पाहणारे युरोपीय आयोगाचे अधिकारी यांस,



नाशिक जिल्ह्यातून युरोपच्या बाजारात द्राक्षे पाठविणारी एक लहानशी भागीदारी पेढी मी चालवितो. ज्या बागायतदारांचा माल आमच्या पॅकहाऊसमधून जातो त्यांच्या वतीने बोलण्याचा लेखी अधिकार मला कोणी दिलेला नाही. परंतु व्यापारी कामासाठी आठवडाभर तुमच्या देशांत यावयाचे झाल्यास त्यांच्यावर आणि माझ्यावर जो प्रसंग गुदरतो तो एकच असल्यामुळे, त्या सर्वांचे म्हणणे एकत्र करून आपल्यापुढे जाहीरपणे मांडावे असे मी ठरविले आहे. खाजगी अर्जविनंत्या पुष्कळ झाल्या. त्यांना पोचेपलीकडे उत्तर येत नाही, आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राच्या खिडकीमागे बसलेल्या माणसास यादीतील कागद तपासण्यापलीकडे कसलाही अधिकार नसल्यामुळे त्याच्याशी बोलणे म्हणजे त्यालाच विनाकारण तसदी देणे होय.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य करतो. आपल्या हद्दीत कोणास येऊ द्यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्यास आहे, आणि तो बजावताना आपल्याला संशयाने वागावे लागते याची कारणे आमच्याही देशात आहेत. बनावट निमंत्रणपत्रे आणि बँकेची खोटी विवरणे तयार करून देणारे दलाल येथे आहेत. कबूतरबाजीच्या बातम्या आमच्याही वर्तमानपत्रांतून येतात. त्या मंडळींस आपण रोखावे, कठोरपणे रोखावे, त्यास माझी हरकत नाही. तुमच्या कायद्याने कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतचा मुक्काम अल्पमुदतीचा ठरविला आहे. आम्हांस त्या नव्वदांतील आठ दिवसही पुरतात. तेव्हा मुदत वाढवून मागण्यासाठी हे पत्र नाही. ते आठ दिवस ज्या आठवड्यात हवे असतात त्याच आठवड्यात मिळावेत, आणि ते मागणारा माणूस कोण आहे हे त्याच्या खऱ्या दस्तऐवजांवरून पाहिले जावे, एवढ्या दोन गोष्टींभोवती माझे सारे म्हणणे आहे.

१४ जून १९८५ रोजी बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलंड्स या पाच देशांच्या प्रतिनिधींनी मोझेल नदीतील ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ या नौकेवर ज्या करारावर सह्या केल्या, आणि ज्याच्या नावाने आज एकोणतीस देशांत चालणारा तुमचा परवाना जगभर ओळखला जातो, त्या कराराला नाव देणारे शेंगेन हे मोझेलकाठचे द्राक्षमळ्यांचे गाव आहे. त्या गावातील कोणाही मळेवाल्यास विचारावे. तोडणीच्या दिवसांत एक आठवडा हातचा गेला तर काय होते, हे तो माझ्यापेक्षा थोडक्यात सांगेल.

आमच्याकडे तोडणी जानेवारीत सुरू होते आणि एप्रिलपर्यंत चालते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातून निघालेला माल प्रीकूलिंग होऊन रीफर कंटेनरने न्हावा शेवा बंदरातून रवाना होतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून सुएझचा मार्ग टाळून बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. पेटीत सल्फर डायऑक्साइडचा कागद घातलेला असतो, तापमान शून्य अंशाच्या आसपास राखलेले असते. तरीही द्राक्ष हा जिवंत माल आहे, आणि वाटेत वाढलेला प्रत्येक दिवस त्याच्या देठावर दिसतो.

अशाच एका हंगामात युरोपातील एका बंदरातून आमच्या खरेदीदाराचा निरोप आला की देठ सुकले आहेत, मणीगळ आहे, काही पनेटांत कूज दिसते, सर्व्हेअर बोलाविला आहे, तरी तुमचा माणूस ताबडतोब पाठवा. सोबत मोबाईलवर काढलेली छायाचित्रे होती. शीतगृहाच्या पिवळ्या दिव्यात काढलेल्या छायाचित्रात प्रत्येक देठ तपकिरीच दिसतो. त्यावरून कोणालाही काही ठरविता येत नाही. तेथे स्वतः उभा राहिलेला जाणता माणूस पेटी उघडतो, घड देठाने उचलून हलकेच हलवितो, किती मणी तळाशी पडतात ते पाहतो, कंटेनरच्या दाराजवळचे पॅलेट आणि आतील पॅलेट यांतला फरक तपासतो, तापमाननोंदीच्या यंत्रातील आलेख मागवितो, आणि मग दोष बागेतला, पॅकहाऊसमधला की वाटेतला, याविषयी सर्व्हेअरशी मुद्देसूद बोलू शकतो. नुकसान बागायतदाराने सोसावयाचे, आम्ही सोसावयाचे, की जहाज कंपनीने वा विमा कंपनीने, हे त्या बोलण्यावर ठरते. शिवाय चांगला माल वेगळा काढून, पुन्हा पॅक करून, जवळच्या दुसऱ्या बाजारात त्याच आठवड्यात खपविता येतो. सारे काम तीन-चार दिवसांचे असते. आम्हांस मात्र व्हिसाच्या अर्जासाठी भेटीची जी पहिली मोकळी तारीख मिळाली ती येण्यापूर्वी तो माल मिळेल त्या भावाने विकला गेला होता, सर्व्हेअरचा अहवाल एकतर्फी होऊन त्यावर शिक्काही बसला होता, आणि झालेली कपात ज्यांचा त्यात काही दोष होता असे कोणीही सिद्ध केले नव्हते अशा बागायतदारांच्या पट्टीतून वळती झाली होती. त्या वर्षी त्यांच्यापैकी एकाने मुलीचे लग्न पुढे ढकलले. वकिलातीच्या दफ्तरात या गोष्टीची नोंद कोठेही असणार नाही. अर्जच दाखल न झाल्यामुळे तो नामंजूरही झालेला नाही.

आता तुमचीच संहिता पाहू. २००९ ची व्हिसा संहिता, आणि २ फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या तिच्यातील दुरुस्त्या, या दोन्ही मी शक्य तितक्या बारकाईने वाचल्या आहेत. तिच्या नवव्या कलमात असे म्हटले आहे की भेटीची वेळ मागितल्यापासून ती सामान्यतः दोन आठवड्यांच्या आत दिली जावी. तातडीचे कारण योग्य असेल तर भेटीवाचून अर्ज घेता यावा किंवा वेळ तत्काळ द्यावी. आणि प्रवासापूर्वी किमान पंधरा दिवस अर्ज करण्याची जी अट आहे तीही अशा तातडीच्या प्रसंगी शिथिल करता यावी. अर्ज आल्यावर निर्णयास पंधरा दिवसांची मुदत असून ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढविण्याची मुभा आपण राखून ठेवली आहे. म्हणजे मी ज्याची याचना करीत आहे ते आपल्या कायद्यात आधीच लिहिलेले आहे. नाही ती एवढीच गोष्ट की नाशवंत मालाचा क्लेम हे तातडीचे योग्य कारण आहे असे कोठेही स्पष्ट लिहिलेले नाही, आणि स्पष्ट लिहिलेले नसेल ते खिडकीवर मान्य होत नाही. हंगामाच्या चार महिन्यांत भेटीच्या वेळा मिळेनाशा होतात, आणि मग ज्या वेळा संकेतस्थळावर आम्हांस दिसत नाहीत त्याच दलालाकडे पैसे मोजल्यावर सापडतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की तो आपल्या कानावर आलाच नसेल असे मी मानू शकत नाही.

सबब माझी पहिली विनंती अशी की, जानेवारी ते एप्रिल या काळात नाशवंत शेतमालाच्या निर्यातदारांसाठी प्रत्येक वकिलातीने तातडीच्या काही वेळा राखून ठेवाव्यात, आणि कंटेनरचे बिल ऑफ लेडिंग, खरेदीदाराचे क्लेमपत्र व सर्व्हेअरच्या नेमणुकीचा दाखला एवढे तीन कागद दाखविणाऱ्यास ती वेळ विनाशर्त द्यावी. हे तीन कागद एकमेकांशी ताडून पाहण्यास जाणत्या कारकुनास अर्धा तासही लागू नये. हे झाले तर माझ्या बाकीच्या तक्रारींचा निम्मा भार हलका होईल.

कागदांविषयी मला अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमचा खरा अपमान तेथे होतो. व्यापारी भेटीच्या अर्जासोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेची सहा महिन्यांची विवरणे, नोकरदार असल्यास पगाराच्या पावत्या आणि मालकाने दिलेला रजेचा दाखला, अशी यादी सामान्यतः हाती पडते. ही यादी मुंबई-पुण्याच्या कचेरीतील नोकरदारास डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. शेतीचे उत्पन्न आयकर कायद्याने करमुक्त ठरविले आहे. तेव्हा ज्याची दहा एकर द्राक्षबाग आहे, जो वर्षाला कित्येक टन माल युरोपास पाठवितो, त्याच्या विवरणपत्रावर करपात्र उत्पन्नाचा आकडा नगण्य दिसतो किंवा विवरणपत्रच नसते. त्याच्या बँक खात्यात ऑक्टोबर छाटणीपासून डिसेंबरपर्यंत औषधे, मजुरी आणि खते यांपायी केवळ खर्चच पडत जातो आणि पैसा येतो तो एप्रिलनंतर. आणि अर्ज नेमके डिसेंबर-जानेवारीत करावे लागतात. रजेचा दाखला त्याला कोणी द्यावयाचा?

त्याच्याजवळ असतो तो सातबारा. जमीन कोणाच्या नावे, किती, तीवर पीक कोणते, इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा किती, हे सारे त्या एका उताऱ्यावर शासकीय नोंदीने लिहिलेले असते. तुमच्या संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टात, अर्जदार परत जाईल की नाही हे ठरविण्यासाठी पाहावयाच्या पुराव्यांत, स्थावर मालमत्तेचा पुरावा स्पष्टपणे नमूद आहे. असे असूनही इंग्रजी भाषांतर जोडलेला सातबारा यादीत बसत नाही म्हणून बाजूला सारला गेल्याचे मी समक्ष पाहिले आहे.

आणि सातबाऱ्यापेक्षाही भक्कम पुरावा तुमच्या-आमच्या दोघांच्याही हाती आहे. २००३ च्या हंगामात युरोपात आमच्या द्राक्षांमध्ये कीटकनाशकाचे अंश मर्यादेबाहेर आढळले, त्यानंतर अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी प्राधिकरणाने ग्रेपनेट ही नोंदणीपद्धती उभी केली. आज निर्यातीची प्रत्येक बाग कृषी खात्याकडे नोंदलेली असते, तिला क्रमांक असतो, तोडणीपूर्वी तिच्यातील मण्यांचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो, आणि तुमच्या देशातील दुकानात ठेवलेल्या पेटीवरील संकेतांकावरून ती पेटी कोणत्या गावच्या कोणत्या बागेतून आली हे शोधता येते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे आमचे कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले, तेव्हा ही पद्धती आणखी कडक झाली. ती योग्यच झाली असे माझे मत आहे. परंतु ज्या बागायतदाराच्या मण्यातील रसायनाचा सूक्ष्म अंशही तुमच्या नोंदवहीत आहे, ज्याचे नाव, गाव आणि बाग दोन्ही बाजूंच्या शासनांस वर्षानुवर्षे ठाऊक आहे, तोच व्हिसाच्या खिडकीवर अनोळखी आणि संशयित म्हणून उभा राहतो, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. निर्यातदाराची गोष्टही तीच. आयात-निर्यात संकेतांक, शिपिंग बिले, वनस्पती आरोग्य दाखले, परकीय चलन प्रत्यक्ष जमा झाल्याचे बँकेचे प्रमाणपत्र, हे कागद कोणा दलालास घरी बसून बनविता येत नाहीत, कारण त्यांतील प्रत्येकाची खातरजमा सरकारी नोंदीवरून करता येते. विश्वासार्ह म्हणून माहीत असलेल्या अर्जदारास काही कागदांची सूट देण्याचा अधिकार संहितेच्या चौदाव्या कलमाने वकिलातींस दिलेलाच आहे. ग्रेपनेटवरील नोंदणी आणि मागील तीन हंगामांची निर्यात हे विश्वासार्हतेचे प्रमाण मानावे, ही माझी दुसरी आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

नकाराविषयी लिहिताना मला दिंडोरी तालुक्यातील एका तरुण बागायतदाराचे उदाहरण देणे भाग आहे. बर्लिन येथे फेब्रुवारीच्या आरंभी भरणाऱ्या फ्रूट लॉजिस्टिका या फळबाजाराच्या जत्रेस जाऊन खरेदीदारांशी स्वतः बोलावे, मध्यस्थावर विसंबू नये, अशी त्याची इच्छा होती. कृषी पदवीधर, वाय मांडवावरची बाग, घरी वृद्ध आईवडील, शाळेत जाणारी दोन मुले, सोसायटीचे कर्ज. प्रवेशपत्र, निमंत्रण, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, परतीच्या विमानाचे आरक्षण, सर्व यथास्थित होते. एका वकिलातीकडून त्याचा पासपोर्ट परत आला तो छापील नमुन्यासह, आणि त्या नमुन्यात मुदत संपण्यापूर्वी तो परत जाईल याविषयी रास्त शंका आहे अशा अर्थाच्या चौकटीत खूण केलेली होती. शंका कशावरून आली, कोणता कागद अपुरा वाटला, काय आणले असते तर ती फिटली असती, याविषयी एक ओळही नव्हती. ज्याच्या बागेत त्या वेळी तोडणीचा माल उभा आहे आणि जत्रेहून परतताच ज्याला एप्रिलच्या खरड छाटणीची तयारी करावयाची आहे, असा माणूस परक्या देशात लपून राहण्यासाठी हा महिना निवडील काय, हा प्रश्न त्या फाईलवर निर्णय करणाऱ्याच्या मनात आला असता तर मखलाशी निराळी झाली असती अशी माझी खात्री आहे. त्या तरुणाने पुन्हा अर्ज केला नाही. त्याचा माल आजही मध्यस्थामार्फत जातो.

नकाराविरुद्ध दाद मागण्याचा हक्क संहितेने दिला आहे, पण ती ज्या देशाने नकार दिला त्या देशाच्या कायद्याप्रमाणे मागावयाची असते. जर्मनीपुरते बोलावयाचे तर नकार देणाऱ्या कचेरीकडेच फेरविचाराचा साधा अर्ज करण्याची जी जुनी सोय होती ती १ जुलै २०२५ पासून बंद करण्यात आली, आणि आता मार्ग उरला तो बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाचा. तीन दिवसांच्या जत्रेसाठी परक्या भाषेत परक्या राजधानीत दावा लावणारा बागायतदार मला तरी ठाऊक नाही. फेरविचाराचा मार्ग पुन्हा खुला करणे कठीण असेल तर निदान नकाराच्या पत्रावर दोन वाक्ये त्या विशिष्ट अर्जाविषयी लिहावीत, म्हणजे पुढच्या खेपेस काय दुरुस्त करावयाचे ते तरी कळेल.

एका गोष्टीबद्दल आपले आभार मानणे माझे कर्तव्य आहे. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी जो निर्णय घेतला, ज्यायोगे तीन वर्षांत दोन व्हिसे नियमाप्रमाणे वापरलेल्या माणसास दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास पाच वर्षांचा व्हिसा मिळावा, तो आमच्यासारख्यांच्या खरोखर उपयोगाचा आहे. अडचण आहे ती पहिल्या पायरीवर. ज्याला पहिलाच व्हिसा मिळत नाही त्याला दुसरा कोठून मिळणार? व्यवसायानिमित्त वारंवार यावे लागते हे सिद्ध करणाऱ्यास त्या शिडीवाचूनही पाच वर्षांपर्यंतचा परवाना देता येतो असे चोविसाव्या कलमात आहे. त्या तरतुदीचा उपयोग मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांइतकाच लहान निर्यातदारांसाठीही व्हावा.

शुल्क ११ जून २०२४ पासून ८० चे ९० युरो झाले, केंद्राचा सेवाआकार निराळा, आणि नकार आला तरी परतावा नाही. याविषयी मी वाद घालीत नाही. पासपोर्ट मात्र निर्णय होईपर्यंत आपल्याकडे अडकून राहतो, आणि त्या काळात दुबईच्या बाजारातही आम्हांस जाता येत नाही. बोटांचे ठसे पाच वर्षे आपल्या संगणकात असताना जुन्या अर्जदाराचा पासपोर्ट केवळ व्हिसाची चिठ्ठी चिकटविण्यापुरता मागविणे अशक्य असू नये.

आणि आता परस्परतेचा मुद्दा. २०१७ पासून भारत सरकारने व्यापारी भेटीसाठीही ई-व्हिसा सुरू केला आहे. तुमच्या देशातील खरेदीदार आणि त्यांचे तपासनीस घरबसल्या अर्ज करून तो मिळवितात, तो वर्षभर अनेक फेऱ्यांसाठी चालतो, आणि ओझरच्या विमानतळावर वा मुंबईस उतरून ते आमच्या पॅकहाऊसमध्ये येतात, मजुरांच्या हातमोज्यांपासून पाण्याच्या तपासणीपर्यंत सर्व पाहतात, आमच्या घरी जेवतात. त्यांनी यावे, त्यांच्या तपासणीमुळे आमचा माल सुधारला हे मी उघडपणे सांगतो. पण ते आमचे घर जितक्या सहजतेने पाहतात त्याच्या निम्म्या सहजतेने आम्हांस त्यांचे शीतगृह पाहता यावे, हे मागणे अवाजवी नाही. २००७ मध्ये आरंभिलेल्या, २०१३ मध्ये खुंटलेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा हाती घेतलेल्या भारत-युरोपीय संघ व्यापार कराराच्या वाटाघाटींत दोन्ही बाजूंनी मालावरील जकातीचा जितका खल केला तितका माल विकणाऱ्या माणसाच्या प्रवासाचा केला असता, तर या पत्रातील पुष्कळसा मजकूर लिहावा लागला नसता. हे मी आमच्या सरकारासही उद्देशून लिहीत आहे.

शेवटी एक व्यवहाराची विनंती. आमच्या हंगामाचे अर्ज डिसेंबरात पडू लागतात. तत्पूर्वी, नोव्हेंबरमध्ये, मण्यांत साखर भरण्याआधी, आपल्यापैकी जे अधिकारी शेतमालाच्या निर्यातदारांचे अर्ज पाहतात त्यांनी एक दिवस नाशिकला यावे. कृषी खात्याचे अधिकारी, तलाठी, बँकेचे व्यवस्थापक आणि बागायतदार यांस मी एकत्र आणीन. सातबारा कसा वाचावयाचा, ग्रेपनेटवरील क्रमांक कसा पडताळावयाचा, शिपिंग बिल आणि बँकेचे प्रमाणपत्र एकमेकांशी कसे जुळवावयाचे, हे ते आपल्याला समक्ष दाखवितील, आणि आपल्याला कोणत्या कागदाविषयी शंका वाटते हे आम्हीही आपल्या तोंडून ऐकू. येणे शक्य नसेल तर मुंबईस जेथे बोलवाल तेथे आम्ही हजर होऊ. या विनंतीचे उत्तर ऑक्टोबरची गोडी छाटणी आटोपण्यापूर्वी मिळाल्यास पुढच्या हंगामातील अर्ज त्याप्रमाणे तयार करण्यास आम्हांस पुरेसा अवधी राहील.

कळावे,

आपला विश्वासू,
नाशिक जिल्ह्यातील एक द्राक्ष निर्यातदार